मोटर ग्रेडर म्हणजे काय? रस्ता सपाट करणाऱ्या मशीनमागचं तंत्रज्ञान

रस्त्याच्या कामावर पिवळं मशीन दिसलं की आपण सरसकट 'जेसीबी' म्हणून मोकळे होतो. पण लांब नाकाचं आणि पोटाखाली तिरपं पातं असलेलं दिसलं, तर तो मोटर ग्रेडर. खोदणं हे त्याचं मुख्य काम नाही. पसरलेला मुरूम, खडी ठरलेल्या उतारात आणणं हे त्याचं काम.

खरी गंमत पात्याच्या जागेत आहे. बुलडोझरचं पातं पुढे असतं, त्यामुळे मशीन डुललं की तेही डुलतं. ग्रेडरचं पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधोमध असतं. पुढची चाकं 10 सेंमी उचलली गेली तर पातं सुमारे 5 सेंमीच उचलतं. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं एकाच झुलत्या सांगाड्यावर असतात, याला टँडम म्हणतात. त्यामुळे मागचा धक्का आणखी कमी होतो. म्हणजे सॉफ्टवेअर यायच्या आधीच निम्मं काम भूमितीने केलंय!

तिरप्या पात्यावर माती एका बाजूला सरकते आणि मशीनचं नाक उलट्या बाजूला ढकललं जातं. म्हणून पुढची चाकं कलती करता येतात. सांगाडाही मध्ये वळतो.

कॅटरपिलरच्या 140 मॉडेलचं पातं साधारण 3.7 मीटरचं, तर खाणीतल्या रस्त्यांसाठीच्या 24 मॉडेलचं 7.3 मीटरचं. 2007 च्या एम सिरीजमध्ये कंपनीने स्टीअरिंग आणि लिव्हरची रांग काढून दोन जॉइस्टिक दिल्या. गेम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल.

आता जीपीएस. तुमच्या फोनची चूक मोकळ्या आकाशाखालीही 5 मीटरच्या आसपास असू शकते. इकडे 3.5 मीटरच्या लेनला 2.5 टक्के उतार द्यायचा तर दोन कडांमध्ये फरक जेमतेम 9 सेंमी. तो चुकला की पाणी साचणार आणि पहिल्याच पावसात खड्डे. म्हणून ग्रेडरवर आरटीके वापरतात: माहीत असलेल्या जागेवरचं बेस स्टेशन चुकीची दुरुस्ती पाठवतं आणि अचूकता दोन-तीन सेंमीवर येते. वरच्या थरांना तेवढीही पुरत नाही, तिथे टोटल स्टेशन पात्यावरच्या प्रिझमचा माग काढतं आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह पातं आपोआप वरखाली करतात.

आणि हो, रील काढायला ग्रेडरच्या मागे उभे राहू नका. तो सतत मागेपुढे करत असतो आणि मागचं ऑपरेटरला फार कमी दिसतं.