उमाबाई दाभाडे : सन्मान आणि मुखत्यारी



वसंत ऋतूत संध्याकाळच्या गारव्याला बसून चार शब्द ऐकावेत, ही चाल आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली. ती पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठीही रुजली याचे श्रेय वक्त्यांहून श्रोत्यांचे अधिक आहे. आज आपण ज्या विषयासाठी जमलो आहोत तो म्हणजे गावासाठी झटणाऱ्या स्त्रियांचा गौरव. गौरव कसा करावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु आपल्याच परिसरातील एका स्त्रीचा गौरव पूर्वी कसा झाला आणि पुढे त्याचे काय झाले, एवढे मी इतिहासाच्या आधाराने सांगू शकेन.

चाकणहून तळेगावला जाणारा रस्ता आज मालमोटारींनी गजबजलेला असतो. दोन्ही टोकांना कारखाने, मध्ये इंद्रायणी. त्या रस्त्यावर इंदुरी लागते. गावाला लागून दाभाड्यांच्या गढीचे बुरूज उभे आहेत. आपल्यापैकी कितीतरी लोक कामावर जाता-येता ते रोज पाहत असतील. या दाभाड्यांच्या घराण्यात उमाबाई सून म्हणून आल्या. माहेर नाशिककडील अभोण्याचे ठोके-देशमुख. पती खंडेराव यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. गुजराथेत मराठ्यांचा अंमल बसविण्याच्या कामी या घराण्याचा वाटा फार मोठा.

उमाबाईंच्या नावाशी जोडलेले एक काम रणांगणावरचे नाही. सप्तशृंगीच्या गडावर देवीच्या मंदिराकडे चढणाऱ्या सुमारे पावणेपाचशे पायऱ्या त्यांनी १७१० च्या सुमारास बांधविल्या. देवीच्या यात्रेला म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या बाया येत. त्यांच्या पायाखाली दगडाची पायरी आली. कित्येक राज्ये गेली, पण तीनशे वर्षे माणसे त्या पायऱ्यांनी चढतच राहिली. लोकसेवा म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला करता येत नाही.

पुढे मात्र या बाईंच्या वाट्याला मोठे कठीण दिवस आले. १७२९ साली खंडेराव वारले. सेनापतिपद पुत्र त्रिंबकराव यांस मिळाले. गुजराथच्या चौथाईवरून त्यांचे आणि बाजीराव पेशव्यांचे बिनसले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ मराठ्यांची फौज मराठ्यांवर चालून गेली. त्रिंबकराव गोळी लागून पडले. शाहू महाराज स्वतः तळेगावी आले, बाजीरावांस उमाबाईंच्या पायांवर घातले आणि बाईंच्या हाती तलवार देऊन ‘तुमचा सूड तुम्ही घ्या’ म्हणाले, अशी कथा सांगतात. कथेतील शब्द खरे किती, याचा वाद विद्वानांनी करावा. एवढे मात्र खरे की बाईंनी सूड घेतला नाही आणि दौलतीचे कामही सोडले नाही.

सेनापतिपद आता धाकट्या यशवंतरावांच्या नावे झाले. परंतु ते लहान होते. शिक्का मुलाचा आणि कारभार आईचा, अशी व्यवस्था झाली. सैन्याचे पगार, सरदारांची भांडणे, गुजराथचा वसूल हे सारे उमाबाई पाहू लागल्या. १७३२ साली त्यांचे मातबर सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोर येथे दगा करून खून करण्यात आला. मागे गुजराथचा मोगल सुभेदार अभयसिंग होता. तेव्हा ही विधवा बाई कंठाजी कदमबांडे व पिलाजींचे पुत्र दमाजी यांना बरोबर घेऊन थेट अहमदाबादेवर चालून गेली. शहराच्या तटाखाली फौज उभी राहिली आणि सुभेदाराला चौथाईखेरीज मोठी रक्कम कबूल करून तह करावा लागला. शाहू महाराजांनी या पराक्रमाबद्दल उमाबाईंच्या पायांत सोन्याचे तोडे घातले, अशी आठवण लोकांनी जपली आहे.

येथे गोष्ट संपविली तर टाळ्या मिळतील. परंतु इतिहास येथे संपत नाही.

पेशव्यांनी निम्म्या गुजराथेवर हक्क सांगितला. उमाबाईंनी तो पुष्कळ वर्षे लांबणीवर टाकला. शाहू महाराज होते तोवर निभावले. डिसेंबर १७४९ मध्ये ते गेले आणि बाईंचा आधार तुटला. पुढच्या वर्षी त्या वृद्धापकाळी स्वतः आळंदीस जाऊन नानासाहेब पेशव्यांस भेटल्या. आम्हांवर लादलेला करार रद्द करावा, एवढेच मागणे होते. ते मान्य झाले नाही. मग त्यांनी ताराबाईंचा पक्ष धरला, दमाजी गायकवाडांची फौज साताऱ्याकडे निघाली आणि १७५१ साली तिचा पराभव झाला. दाभाड्यांची मंडळी पुण्यात कैदेत पडली. पुढे त्यांना लोहगडावर ठेवण्यात आले. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात उमाबाईंचा अंत झाला. त्यांची समाधी तळेगावी आहे.

उमाबाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. गुजराथच्या रयतेला मराठी फौजांचा वसूल गोड लागला नसेल. ताराबाईंच्या बाजूस जाणे हे राजकारण म्हणूनही शहाणपणाचे ठरले नाही. परंतु ज्याचा गौरव करावयाचा त्याला देव्हाऱ्यात बसवून त्याचा माणूसपणा काढून घेणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. माझा मुद्दा निराळा आहे. या बाईंना तोडे मिळाले, पण मुखत्यारी मिळाली ती नेहमी दुसऱ्याच्या नावाने. पद पतीचे, मग एका पुत्राचे, मग दुसऱ्याचे. वीस वर्षे जिने सेनापतीचे काम केले तिच्या हक्काचा प्रश्न आळंदीस निघाला, तेव्हा सोन्याचे तोडे काय कामाचे?

तळेगावच्या या घराण्याचा आणखी एक धागा पुण्यापर्यंत जातो. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा खंडेरावांनी तळेगावी चालविली होती. डभोईनंतर ती बाजीरावांनी पुण्यास नेली. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे डेक्कन कॉलेज झाले ते त्यातूनच. दान थोर, परंतु त्याच्या वाटेवर स्त्रिया आणि शूद्र कोठेच नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई फुले तेथे शिकवू लागल्या. १८५२ साली त्याच विश्रामबागवाड्यात सरकारने समारंभ करून मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी दिली. सावित्रीबाईंच्या अंगावर येत होते ते रस्त्यातले शेण आणि चिखल.

१८९७ साली प्लेग आला. त्या वर्षीच्या जून महिन्यात रँडसाहेबावर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. त्यांचे स्मरण चिंचवड अभिमानाने करते. परंतु तत्पूर्वी तीन महिने, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई गेल्या होत्या. एकाच संकटाला दोन उत्तरे मिळाली. एकाचा आवाज विलायतेपर्यंत पोहोचला. दुसरे उत्तर एका आजारी पोराला दवाखान्यापर्यंत नेण्याचे होते, त्याला आवाज नव्हता. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले ते २०१४ साली. सेवेचा आवाज ऐकू येण्यास एकशे सतरा वर्षे लागली.

आता आपल्या घराकडे वळू. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली, महानगरपालिका १९८२ साली. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखण्याचा कायदा राज्याने २०११ साली केला. २०१२ आणि २०१७ या दोन्ही निवडणुकांत महापालिकेच्या १२८ जागांपैकी ६४ स्त्रियांसाठी होत्या. उमाबाईंना जे मिळाले नाही ते, म्हणजे स्वतःच्या नावाचा शिक्का, कायद्याने दिला. परंतु शिक्का बाईचा आणि कारभार पतीचा किंवा दिराचा, असे चित्र कोठे दिसले तर काय म्हणावे? अठराव्या शतकात कारभार बाईचा होता आणि नाव पुरुषाचे. आज नाव बाईचे आणि कारभार पुरुषाचा होत असेल, तर आपण पुढे आलो की फक्त उलटे झालो?

आठ मार्चला आपण शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह देतो. ते जरूर द्यावे. वस्तीतील बचत गट चालविणारी, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविणारी, नळाच्या पाण्यासाठी कचेरीत खेटे घालणारी अशी जी बाई असेल, तिला व्यासपीठावर बोलावताना आनंद वाटलाच पाहिजे. माझी विनंती एवढीच की शाल खांद्यावर घातल्यानंतर तिला सभेत बोलू द्यावे, हिशेबाच्या कागदावर तिची सही असावी आणि ती ‘नाही’ म्हणाली तर ते ‘नाही’ मानले जावे.

कधी सवड झाली तर इंदुरीच्या गढीपाशी गाडी थांबवा आणि तळेगावच्या त्या समाधीपाशी क्षणभर उभे राहा. सप्तशृंगीला गेलात तर पायऱ्या चढताना त्या कोणी बांधविल्या हे मुलांना सांगा. सोन्याचे तोडे कुठे गेले, कोणास ठाऊक? पायऱ्या राहिल्या आहेत.