एकोणीस मिनिटांचा सेंटर

८० सामने. सामन्यामागे सरासरी १९ मिनिटं, ७.६ गुण, ६.८ रिबाउंड, दोन असिस्ट.

नाव झाकून फक्त हे आकडे दाखवले, तर तुम्ही म्हणाल, बरा दिसतोय, बेंचवर असायला हरकत नाही. पुढच्या वर्षी याला ठेवायचं की सोडायचं, यावर फार तर पाच मिनिटं चर्चा होईल.

हे आकडे बिल वॉल्टनचे आहेत, १९८५-८६ च्या हंगामातले. संघ बॉस्टन सेल्टिक्स, काम राखीव सेंटरचं. त्या वर्षी सेल्टिक्सनं ८२ पैकी ६७ सामने जिंकले, घरच्या मैदानांवर ४१ पैकी ४०, आणि शेवटी अजिंक्यपदही. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत भारी संघ कोणता, या न संपणाऱ्या वादात या संघाचं नाव आजही पहिल्या काहींमध्ये येतं. त्या नावाबरोबर लोक लॅरी बर्डच्या खालोखाल ज्याची आठवण काढतात, तो हा एकोणीस मिनिटं खेळणारा माणूस. आकडे इतके साधे आणि आठवण इतकी मोठी, हे कसं?

सेंटर म्हणजे साधारणपणे संघातला सर्वांत उंच खेळाडू. बास्केटजवळची जागा त्याची. तिथं येणाऱ्याला अडवायचं, चुकलेला बॉल उचलायचा, आपल्या शूटरसाठी वाट मोकळी करून द्यायची. सामना ४८ मिनिटांचा. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, पण सहा फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाद. बास्केटखाली रोज धक्काबुक्की करणाऱ्या सेंटरचे फाउल लवकर भरतात आणि गुडघे लवकर झिजतात. त्यामुळे राखीव सेंटर प्रत्येक संघाला लागतोच. क्रिकेटमध्ये राखीव विकेटकीपर म्हटलं की पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा चेहरा डोळ्यांसमोर येतो. इथं तसं नसतं. राखीव सेंटरला जवळपास रोज आत जावं लागतं, आणि तो आत असताना मिळवलेली आघाडी टिकेल का, याची धाकधूक प्रशिक्षकाला रोज असते.

बहुतेक संघ या जागी धट्टाकट्टा, आज्ञाधारक आणि स्वस्त माणूस ठेवतात. सेल्टिक्सनं १९८५ मध्ये जो आणला तो यातल्या कशातच बसत नव्हता. आणि धट्टाकट्टा तर अजिबात नव्हता.

वॉल्टन कॅलिफोर्नियाचा, जन्म १९५२ चा, उंची ६ फूट ११ इंच. यूसीएलएमध्ये जॉन वुडन यांच्या हाताखाली त्यानं १९७२ आणि १९७३ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. १९७३ च्या अंतिम सामन्यात त्यानं २२ वेळा बॉल बास्केटकडे टाकला, त्यातले २१ आत गेले. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. १९७७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ०-२ असं मागे पडूनही पोर्टलंडनं पुढचे चार सामने जिंकले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू वॉल्टन ठरला. पुढच्या हंगामात पोर्टलंडनं पहिल्या ६० पैकी ५० सामने जिंकले आणि मग त्याच्या पायानं दगा दिला. तो जेमतेम ५८ सामने खेळला. तरी त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे पूर्ण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, तोच.

इथून पुढची गोष्ट पायाचीच आहे. १९७८ च्या प्लेऑफमध्ये वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो मैदानात उतरला. नंतर कळलं की डाव्या पायातलं नॅव्हिक्युलर नावाचं हाड मोडलंय. पायाच्या कमानीतलं हे छोटंसं हाड प्रत्येक उडीचा भार झेलतं. संघानं आपल्या दुखापती ज्या पद्धतीनं हाताळल्या त्यावर चिडून तो १९७८-७९ चा पूर्ण हंगाम बाहेर बसला, आणि मग सॅन डिएगो क्लिपर्सकडे गेला. तिथं पहिल्या वर्षी १४ सामने. त्यानंतरची दोन वर्षं एकही नाही. एमव्हीपी ठरल्यानंतरच्या चार हंगामांत मिळून १४ सामने! आपल्या पिढीतला कदाचित सर्वांत हुशार सेंटर वयाच्या पंचविशीत संपल्यात जमा झाला होता.

क्लिपर्सकडे तो हळूहळू परत खेळू लागला, पण संघ हरणारा होता. १९८५ मध्ये त्यानं स्वतः फोन फिरवले. सेल्टिक्सचा सगळा कारभार तेव्हा रेड आउरबाख यांच्या हातात होता. वॉल्टनचा फोन आला तेव्हा लॅरी बर्ड त्यांच्याच ऑफिसात बसला होता आणि ‘तो खेळू शकत असेल तर घेऊन टाका’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, असं सांगतात. बदल्यात सेल्टिक्सनं सेड्रिक मॅक्सवेल आणि पहिल्या फेरीतला एक ड्राफ्ट पिक दिला. मॅक्सवेल म्हणजे १९८१ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. मोडक्या पायाच्या बेंचवरच्या माणसासाठी ही किंमत थोडी नव्हती.

आउरबाख यांच्या हिशेबात मात्र ती बसत होती. सहावा खेळाडू हा सेल्टिक्सचा जुनाच डाव. पन्नासच्या दशकात फ्रँक रॅमसी, साठच्या दशकात जॉन हॅव्हलिचेक हे खणखणीत खेळाडू सुरुवातीला बेंचवर बसायचे. समोरचे पाच जण दमले की ताज्या दमाचा चांगला गडी आत सोडायचा, अशी ती साधी युक्ती. १९८४ आणि १९८५ चा सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कारही सेल्टिक्सच्याच केव्हिन मॅकहेलनं घेतला होता. आता मॅकहेल पहिल्या पाचात गेला आणि ती खुर्ची रिकामी झाली.

आणखी एक कारण होतं. १९८५ ची अंतिम मालिका सेल्टिक्स लेकर्सकडून २-४ अशी हरले होते आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू होता ३८ वर्षांचा करीम अब्दुल-जब्बार. त्याच्यासमोर सेल्टिक्सचा सेंटर रॉबर्ट पॅरिश जवळजवळ एकटाच होता. पॅरिश सात फुटी, अबोल आणि भरवशाचा. त्या हंगामात तो सामन्यामागे ३६ मिनिटं खेळला होता आणि तिशी ओलांडून गेला होता.

वॉल्टन आल्यावर पॅरिशची मिनिटं ३६ वरून ३२ वर आली. चार मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तो ८१ सामने खेळला. गुणाकार केला तर साधारण साडेतीनशे मिनिटं होतात, म्हणजे सात अख्ख्या सामन्यांची विश्रांती. वॉल्टनच्या कामाचा पहिला भाग हा, आणि त्याची नोंद वॉल्टनच्या नावापुढे कुठंच नाही. ती पॅरिशच्या रकान्यात सापडते.

आणखी एक बेरीज करून बघा. पॅरिशची ३२ आणि वॉल्टनची १९ मिळून होतात ५१. सामना तर ४८ मिनिटांचा. म्हणजे वॉल्टन फक्त पॅरिशच्या जागी येत नव्हता. काही वेळ दोघं एकत्रही खेळत होते. दोन उंच माणसं आत, बाहेर बर्ड, असा वेगळाच संघ प्रशिक्षक के. सी. जोन्स यांना उभा करता येत होता.

दोघांचा खेळही वेगळा. पॅरिश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुसाट पळायचा आणि उंच कमानीचा जंप शॉट मारायचा. वॉल्टनची ताकद पासमध्ये. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला लागायच्या आतच पुढे कोण मोकळा आहे ते त्याला दिसलेलं असायचं. बास्केटपासून थोडं दूर, पाठमोरा उभा राहून तो बॉल धरून ठेवायचा. त्याच्या आजूबाजूनं बर्ड पळायचा आणि नेमक्या क्षणी बॉल बर्डच्या हातात पडायचा. प्रतिस्पर्ध्यांनी पॅरिशसाठी केलेली तयारी वॉल्टन आत आला की निम्मी वाया जायची. शिवाय त्या वेळी समोर बहुधा त्यांचाही राखीव सेंटर असायचा. एमव्हीपी राहिलेल्या माणसाला अडवायचं काम त्याच्या गळ्यात पडायचं.

मिनिटागणिक हिशेब मांडला तर साधारण तीन मिनिटांना एक रिबाउंड पडतो. पहिल्या पाचात खेळणाऱ्या उत्तम सेंटरचाच हा वेग. फरक इतकाच, की त्याचं शरीर तो वेग ३५ मिनिटं झेलू शकत नव्हतं. ते एकोणीस मिनिटं झेलू शकत होतं, आणि त्याच्याकडून तेवढीच मागितली गेली. ८२ पैकी ८० सामने तो खेळला. पूर्ण कारकिर्दीत एका हंगामात इतके सामने तो कधीच खेळला नव्हता, एमव्हीपी झाला त्या वर्षीही नाही.

त्या वर्षीचा सर्वोत्तम सहावा खेळाडू वॉल्टनच ठरला. हंगामाचा एमव्हीपी, अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम सहावा खेळाडू हे तिन्ही मान ज्याच्या नावावर आहेत असा तो एकटाच.

गंमत म्हणजे ज्या करीमसाठी त्याला आणलं, तो अंतिम मालिकेत आलाच नाही. लेकर्सना ह्यूस्टन रॉकेट्सनं वाटेतच हरवलं. रॉकेट्सकडे राल्फ सॅम्पसन आणि हकीम ओलाजुवान असे एकाऐवजी दोन उंच सेंटर होते. आता दुसरा चांगला सेंटर ही सेल्टिक्सची चैन उरली नाही, गरज झाली. ह्यूस्टनमधला चौथा सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत अटीतटीचा झाला. बर्डनं तीन गुणांचा शॉट घातला. त्यानंतर सेल्टिक्सचा एक शॉट चुकला, तो बॉल वॉल्टननं गर्दीतून उचलला आणि उलट्या बाजूनं आत टाकला. १०६-१०३. मालिका २-२ होण्याऐवजी ३-१ झाली. सहाव्या सामन्यात सेल्टिक्स विजेते ठरले. प्लेऑफ धरून त्या वर्षी १०० सामने झाले, त्यातले ८२ जिंकले.

हे सगळं वॉल्टनमुळे झालं का? नाही. बर्ड त्या वर्षी सलग तिसऱ्यांदा एमव्हीपी झाला होता; पॅरिश, मॅकहेल, डेनिस जॉन्सन, डॅनी एंज असे चार खंबीर साथीदार त्याच्याबरोबर होते. हा संघ वॉल्टनशिवायही जिंकत होताच. १९८४ चं अजिंक्यपद त्यांचंच. मग त्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे होता, हे सांगणारा प्लस-मायनसचा रकाना आज प्रत्येक सामन्याच्या आकडेवारीत दिसतो. तेव्हा तो नव्हता. पण पुढच्या हंगामानं एक कसोटी आपसूक घेतली.

१९८६-८७ मध्ये वॉल्टन पुन्हा जायबंदी झाला. साखळीत फक्त १० सामने, प्लेऑफमध्ये काही मोजकी मिनिटं. पॅरिश ३३ वर्षांचा झाला होता आणि त्याची मिनिटं सामन्यामागे ३७ च्या वर गेली. मॅकहेल जवळजवळ ४० मिनिटं खेळत होता. वसंत ऋतू येईपर्यंत मॅकहेलचा उजवा पाय मोडला. हाड तेच, नॅव्हिक्युलर. तो तसाच खेळत राहिला. प्लेऑफमध्ये पॅरिशचा घोटा मुरगळला, तोही लंगडत खेळला. अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात मॅजिक जॉन्सननं शेवटच्या क्षणी टाकलेला प्रसिद्ध हुक शॉट अडवायला हे दोघंच उडाले. बॉल त्यांच्या हातांवरून गेला, सेल्टिक्स एका गुणानं हरले आणि मालिका २-४ अशी गेली.

सगळं खापर एका रिकाम्या खुर्चीवर फोडता येणार नाही. राखीव फळीतला स्कॉट वेडमनही त्या वर्षी दुखापतीमुळे जेमतेम सहा सामने खेळला. ज्याच्यावर पुढची दहा वर्षं उभी राहायची, तो लेन बायस ड्राफ्टनंतर दोनच दिवसांत, १९ जून १९८६ रोजी कोकेनमुळे गेला. बेंच तीन ठिकाणी फाटला होता. तरी सेंटरच्या जागेपुरतं बघितलं तर कार्यकारण सरळ दिसतं. आदल्या वर्षी वॉल्टननं उचललेला भार नाहीसा झाला नव्हता. तो इतरांच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर, हाडांवर गेला.

राखीव खेळाडूला तोलताना आपण चुकतो ते इथं. त्याचे गुण मोजतो, पहिल्या पाचातल्या माणसाशी तुलना करतो आणि ‘कमी’ असा शेरा मारतो. खरं तर तीन गोष्टी विचारायला हव्यात. तो आत असताना संघाला काय वेगळं करता येतं? तो असल्यानं मुख्य खेळाडूला किती विसावा मिळतो? आणि तो नसला तर त्याचं ओझं कोणाच्या अंगावर पडतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा वर्षभर उशिरा मिळतं.

एक चौथी गोष्टही आहे, ती खेळाडूच्या बाजूनं. एकेकाळी सर्वोत्तम असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मागे बसणं जड जातं. अनेक मोठे खेळाडू त्यापेक्षा निवृत्ती पत्करतात. वॉल्टननं ती जागा स्वतः फोन करून मागितली. आपल्या पायात किती मिनिटं शिल्लक आहेत, हे त्याला इतर कुणाहीपेक्षा नीट ठाऊक होतं. ती त्यानं अशा संघाला दिली, जिथं त्यांचं काही होऊ शकत होतं.

पुढे पायांनी त्याला खेळू दिलं नाही. तो समालोचक झाला, अघळपघळ आणि मजेशीर बोलण्यासाठी प्रसिद्ध झाला आणि मे २०२४ मध्ये कर्करोगानं वारला. एनबीएच्या साखळीत त्याच्या नावावर एकूण ४६८ सामने आहेत. रॉबर्ट पॅरिश १९९७ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचे १,६११ सामने झाले होते, तोवर कुणीच इतके खेळलं नव्हतं. त्यातल्या एका वर्षी, आठवड्यातून तीन-चार रात्री, चार-चार मिनिटं त्याला बसायला मिळालं होतं.