कलिंगड, पावडर आणि चिंदी

माझा धाकटा भाऊ बीजीएमआय खेळताना रात्री बारा वाजता ओरडतो, ‘अरे फाइव्ह-फाइव्ह-सिक्स दे ना कुणीतरी, माझ्याकडं सगळी सेव्हन-सिक्स-टू पडलीय!’ तुमच्यापैकी निम्म्या लोकांना हे आकडे पाठ असतील. त्या गेममध्ये एम१६ आहे, एके आहे, एसएलआर आहे; कुठली गोळी कुठल्या बंदुकीत जाते ते सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट तिथं कधीच होत नाही. बंदूक अडकत नाही.

माझी अडकली होती. कॉलेजचं पहिलं वर्ष, एनसीसीचा दहा दिवसांचा कॅम्प, सकाळची फायरिंग. हातात .२२ रायफल, समोर पंचवीस यार्डांवर टार्गेट. दुसरी गोळी उडाली, मी बोल्ट ओढला आणि रिकामी पुंगळी आतच राहिली. परत ओढला. काही नाही. शेजारच्या मुलींच्या पाचही गोळ्या संपल्या आणि मी अजून खटपट करतेय. उस्ताद आले, कुठल्यातरी टोकदार वस्तूनं पुंगळी उचकटून काढली, नळीतून आकाशाकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘चिंदी मारी थी?’

मारली नव्हती. आदल्या दिवशी रायफल साफ करायची माझी पाळी होती आणि मी दोरीला चिंदी बांधून एकदा ओढल्यासारखं केलं होतं. शिक्षा म्हणून मैदानभर फ्रंटरोल मारले. पण त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या डोक्यात वेगळंच चाललं होतं: समोर कागदाऐवजी माणूस असता तर?

पुढं वाचत गेल्यावर कळलं की हा प्रश्न हजारो पोरांना खरोखर पडला होता, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आपली चिंदी नीट मारली होती.

आधी थोडं कॅलिबरबद्दल. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीचा आतला व्यास. एनसीसीची .२२ म्हणजे इंचाचा बावीस शतांश भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. गंमत म्हणजे अमेरिकेच्या एम१६ ची आणि आपल्या इन्सासची गोळी, ती ५.५६, जाडीला जवळजवळ तेवढीच असते. फरक मागच्या पुंगळीत आहे. .२२ ची पुंगळी करंगळीच्या पेराएवढी. ५.५६ ची लांब, बाटलीच्या आकाराची, पावडरनं भरलेली. त्यामुळं तिची गोळी .२२ च्या जवळपास तिप्पट वेगानं सुटते.

सैन्याला इतकी बारीक गोळी हवीशी का वाटली? १९५२ साली, कोरियाचं युद्ध चालू असताना, अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या नॉर्मन हिचमन नावाच्या संशोधकानं एक अहवाल लिहिला. रायफलीच्या गोळ्या प्रत्यक्ष लढाईत किती अंतरावर लागतात, हे त्यानं तपासलं. उत्तर होतं तीनशे यार्डांच्या आत. मग हजार यार्ड जाणारी जाड, जड गोळी शिपायानं पाठीवर का वाहायची? ७.६२ चं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२ ग्रॅमचं. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. शिवाय खांद्याला धक्का कमी. गणित सरळ होतं.

पण सैन्यात गणितापेक्षा सवय मोठी. अमेरिकी आर्मीनं १९५७ साली एम१४ घेतली: ७.६२ ची, लाकडी दस्त्याची, चार किलोंहून जड. त्याच सुमारास युजीन स्टोनर नावाचा इंजिनिअर आर्मलाइट नावाच्या छोट्या कंपनीत अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची रायफल बनवत होता. तिची छोटी आवृत्ती म्हणजे एआर-१५. वजन तीन किलोच्या आसपास. जुन्या अधिकाऱ्यांना ती खेळणं वाटायची. आर्मलाइटनं १९५९ मध्ये हक्क कोल्टला विकून टाकले.

आता कलिंगड. १९६० च्या उन्हाळ्यात आर्मलाइटच्या मालक कंपनीचा माजी प्रमुख रिचर्ड बूटेल याच्या फार्मवर पार्टी होती. पाहुणा होता जनरल कर्टिस लमे, हवाई दलाचा उपप्रमुख. त्याच्या हातात एआर-१५ देऊन समोर कलिंगडं मांडली. त्यानं दोन फोडली, आणि उरलेलं एक सगळ्यांनी मिळून खाल्लं, असं सांगतात. लमे खूश. हवाई दलाला तळांच्या पहाऱ्यासाठी अशीच रायफल हवी होती. एका महासत्तेची पुढची साठ वर्षांची रायफल ठरण्यात एका फळाचा वाटा आहे, हे मला अजूनही पटवून घेता येत नाही. पण कलिंगड फुटतं तेव्हा बघणाऱ्याचं मत बनतं, अहवाल वाचून बनत नाही.

१९६२ साली दक्षिण व्हिएतनामच्या सैनिकांना हजारभर एआर-१५ चाचणीसाठी दिल्या गेल्या. लहान चणीच्या सैनिकांना एम१४ जड जायची. ही हलकी रायफल त्यांना आवडली. अहवालात कौतुकच कौतुक होतं. संरक्षणमंत्री मॅक्नमारा हा आकडेवारीचा माणूस; त्यानं १९६३ मध्ये एम१४ ची खरेदी थांबवली आणि एक लाखाच्या वर एआर-१५ मागवल्या. ही खरेदी ‘एकदाच’ म्हणून होती. सरकारी ‘एकदाच’चं पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

इथपर्यंत गोष्ट नव्यानं जुन्याला हरवल्याची आहे. खरी गडबड पुढं आहे आणि ती बंदुकीत कमी, कागदांत जास्त आहे.

स्टोनरची रायफल एका ठरावीक पावडरवर बेतलेली होती. मोठ्या प्रमाणावर काडतुसं बनवायची वेळ आली तेव्हा कारखान्यांना कळलं, की आर्मीनं लिहून दिलेला वेग आणि नळीतला दाब या दोन्ही अटी त्या पावडरीनं प्रत्येक लॉटमध्ये पाळता येत नाहीत. मग १९६४ मध्ये दुसरी, गोल दाण्यांची पावडर मंजूर झाली. वेग बरोबर आला. पण तिनं नळीत जास्त राख धरली, आणि रायफल ठरल्यापेक्षा जोरात धावू लागली. मिनिटाला सातशे-आठशे गोळ्यांच्या जागी हजाराच्या घरात. यंत्र घाईला आलं. पुंगळी अजून तापून नळीला घट्ट बसलेली असतानाच आकडा तिला ओढायला बघायचा आणि तिची कड फाडून मोकळा व्हायचा. पुंगळी आत, वर पुढची गोळी टेकलेली. स्टोनरला या बदलाबद्दल विचारलं गेलं ते निर्णय झाल्यावर. त्याला तो पसंत नव्हता.

नवीन पावडरनं रायफल वेगाच्या चाचणीत बसेना, हे कोल्टला कारखान्यातच दिसलं. त्यावर तोडगा काय निघाला? कारखान्यातली चाचणी जुन्या पावडरनं घ्यायला परवानगी मिळाली. रायफली पास झाल्या आणि व्हिएतनामला गेल्या. तिथं त्यांना गोळ्या मिळाल्या नव्या पावडरच्या. हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून पडताळलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही.

अजून दोन गोष्टी. पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर गंजाशी झगडून अमेरिकी सैन्य शिकलं होतं की नळीला आतून क्रोमचा मुलामा हवा. एम१४ ला तो होता. एम१६ ला दिला नाही. आणि ही रायफल साफ करायची फारशी गरजच नाही अशी आवई उठली होती. शिपायांना रायफली मिळाल्या, पण सफाईचं सामान पुरेसं मिळालं नाही. व्हिएतनामच्या चिखलात. पावसाळ्यात.

नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात एम१६ घेऊन लढलेल्या तुकडीचा प्रमुख हॅल मूर यानं रायफलीची तारीफ केली होती. ती खोटी नव्हती. सराव असलेल्या, रायफल जपणाऱ्या तुकडीच्या हातात ती चालली. त्यानंतर जनरल वेस्टमोरलंडनं घाईनं आणखी मागणी केली आणि रायफली अशा पोरांच्या हातात गेल्या ज्यांना त्यांची ओळखही धड करून दिलेली नव्हती. १९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सानजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढले. त्यांच्यातल्या काहींचे मृतदेह सापडले ते रायफल उघडलेल्या अवस्थेत, अडकलेली पुंगळी काढता काढता. पुंगळी पुढून सळई घालून ठोकून काढावी लागायची, आणि सळई अनेकांत मिळून एक. पोरं घरी पत्रं लिहायची: आई, सळई पाठव, तेल पाठव. एका मरीनचं पत्र काँग्रेसमध्ये वाचून दाखवलं गेलं. त्याचा मतलब असा, की आमच्यातले बहुतेक कशानं मेले माहीत आहे का? आमच्याच रायफलीनं.

मग चौकशी बसली. मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या समितीनं ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला आणि दारूगोळ्यातला दोष माहीत असून हालचाल न करणं हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या जवळ जाणारं आहे, असं स्पष्ट म्हटलं. तुरुंगात मात्र कुणी गेलं नाही. क्रोम आला, धावण्याचा वेग आवरणारा नवा बफर आला, सळया आल्या. आणि एक कॉमिक आलं. विल आयस्नर, अमेरिकी कॉमिक्समधलं बडं नाव, त्याच्याकडून आर्मीनं १९६८ मध्ये एम१६ ची निगा कशी राखायची याची रंगीत चित्रपुस्तिका करून घेतली. त्यात रायफलच शिपायाशी लाडात बोलते. आज वाचताना ती पुस्तिका जरा चावट आणि बाष्कळ वाटते, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी ती वाचली. दुरुस्त झालेली एम१६ पुढं अनेक दशकं चालली.

आपली इन्सास पुण्यात जन्मली, पाषाणच्या एआरडीईमध्ये. मी रोज ज्या बसनं जायचे ती त्या फाटकावरून जायची. ऐंशीच्या दशकात काम सुरू झालं, वेळ लागत गेला, आणि मधल्या काळात सरकारला परदेशातून लाखभर एके विकत घ्याव्या लागल्या. इन्सास सैन्याच्या हातात मोठ्या प्रमाणावर आली नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि लगेच कारगिल. तिथल्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. पुढं त्यांतलं बरंच दुरुस्त झालं, पण नाव एकदा खराब झालं ते झालंच. २०१९ मध्ये भारतानं अमेरिकेकडून ७२,४०० रायफली घेतल्या, त्या ७.६२ च्या. अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ पण ७.६२ ची. खुद्द अमेरिकी आर्मीनं २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली. बारीक गोळीचं गणित पुन्हा मांडलं जातंय.

माझे मोठे मामा साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एसएलआर वापरली आणि शेवटची काही वर्षं इन्सास. दिवाळीत मी त्यांना हे सगळं ऐकवलं: पावडर, क्रोम, कलिंगड. ते सुपारी कातरत ऐकत होते.

‘मामा, तुम्हाला कुठली बरी वाटायची?’

‘एसएलआर लय जड गं. दिवसभर चालल्यावर खांदा तुटायचा. इन्सास हलकी.’

‘पण अडकायची?’

‘माझी एकदाच अडकली,’ ते म्हणाले. ‘रेंजवर. नशीब रेंजवर.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पोरी, ती निवडणाऱ्यांना एक रात पोस्टवर तिच्यासंगं बसवाय पायजे व्हतं.’

आणि मामीला चहा टाकायला सांगून उठले.