भोगीचं ताट आणि शेजारच्या नेवऱ्या



मागच्या नाताळची गोष्ट. माजिवड्याला आमच्या मजल्यावर एक काकू राहतात, मूळच्या गोव्याच्या. दुपारी त्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन आल्या. केक, दोदोल आणि नेवऱ्या. सासूबाईंनी हसून ताट घेतलं, पण कोणी हात लावला नाही. तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, आपण कशातच नसतो का गं?"

तो प्रश्न मला लागला. ताटातला एकेक पदार्थ कुठून आला, हे मी शोधू लागले.

सुरुवात नेवरीपासून. नेवरी म्हणजे आपली करंजीच. आत खोबरं, साखर, खसखस किंवा तीळ. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, पुढे तिथल्या कितीतरी घरांचा धर्म बदलला, पण बायकांच्या हातची करंजी बदलली नाही. ती दिवाळीतून नाताळात गेली, एवढंच. शेजाऱ्यांकडे ताट पाठवायच्या पद्धतीला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगालमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला वापरतात. तिकडे रात्रीचं जेवण, इकडे दिवसा शेजारी फिरणारं ताट! आपल्यासारख्या रात्री न जेवणाऱ्यांना हा बदल सोयीचाच झाला.

आता केक. त्यात अंडं असतं, म्हणून आपल्याला तो चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण इंग्रजांच्या नाताळातल्या 'मिन्स पाय'ची गोष्ट ऐका. त्यात पूर्वी खरोखरच खिमा असायचा, सोबत मनुका आणि मसाले. हळूहळू मांस गळून गेलं आणि सुकामेवा उरला. चरबी मात्र बरीच वर्षं राहिली. आता तीही वनस्पतीची मिळते. पदार्थातून मांस गेलं म्हणून त्यांचा नाताळ काही अडला नाही.

थंडीतला सगळ्यात मोठ्या रात्रीचा दिवस जगात पुष्कळ ठिकाणी खाऊन-खिलवून साजरा होतो. इराणात 'यल्दा'च्या रात्री डाळिंब सोलतात, जपानात त्या दिवशी भोपळा शिजवतात. चीनमध्ये तांदळाच्या पिठाचे गोळे करतात आणि पुष्कळदा त्यांच्या पोटात काळे तीळ आणि साखर भरतात. म्हणजे थंडीत तीळ आणि गोड हे आपल्यालाच सुचलं असं नाही.

आपली संक्रांतही मुळात याच दिवसाशी जोडलेली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि मकर राशीत जाणं जवळपास एकाच वेळी होत असे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ फिरण्यामुळे दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवसाचं अंतर पडत गेलं. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, त्या दिवशी संक्रांत होती. आता ती 14 ला असते, कधी 15 ला. तारीख सरकली, पण थंडी तीच राहिली, आणि तीळही.

तुम्ही म्हणाल, संक्रांत तरी आपली कुठे? खरं आहे. पुण्य मिळेल म्हणून नदी-समुद्रात बुडी मारण्याला समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता म्हटलं आहे. आपण सूर्याला अर्घ्य देत नाही. पण ऋतूचं अन्न खाणं आणि गोड बोलणं यात मूढता कसली?

माझं माहेर सांगलीकडचं. तिथे आईच्या भोगीच्या भाजीत गाजर नसायचं, वांगंही नसायचं. ओला हरभरा, पावटा, घेवडा, शेंगदाणे आणि तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीवर शेजारी लोण्याचा गोळा ठेवायचे, आमच्याकडे साजूक तूप. मला लहानपणी कधी वाटलं नाही की आमची भोगी अर्धी आहे. गंमत म्हणजे, आपल्या व्रतांनाही ऋतू कळतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात. श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीनंतर तीळ बंद होतात, ते थेट कार्तिकापर्यंत. म्हणजे तीळ खायचे तर ते थंडीतच! आणि पौष वद्य चतुर्दशीला आदिनाथ भगवंतांच्या निर्वाण कल्याणकाला आपण निर्वाण लाडू चढवतो, तोही याच दिवसांत.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. म्हटलं, "काय सोडायचं ते आपण ठरवतो. त्यामुळे सण आपल्याला सोडून जात नाही."

मग मी धीर करून काकूंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. इतकी वर्षं तोंडदेखलं 'छान होतं' म्हणत आले होते, त्याचीच लाज वाटत होती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, आधी बोलायचं ना!" नेवरीत अंडं नव्हतं, पण तळणीची कढई तीच होती.

यंदा त्यांनी नव्या कढईत, नव्या तेलात, सगळ्यात आधी आमच्या नेवऱ्या तळल्या आणि सूर्यास्ताच्या आत आणून दिल्या. सासूबाईंनी पहिली नेवरी स्वतः उचलली. मी त्यांच्यासाठी तिळाच्या वड्या राखून ठेवल्या आहेत. भोगीच्या दिवशी लेकच ताट घेऊन जाणार आहे. झाकायला रुमाल तिने आत्ताच धुऊन ठेवलाय.