हिराबाईंच्या तोंडी कोणती वाक्यं घालायची?

मुलुंडची माझी एक मैत्रीण हौशी नाटकं करते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "एकपात्री संगीत नाटक करतेय, हिराबाई पेडणेकरांवर. तू पीएचडी करतेस ना, मग जरा तारखा तपासून दे." मी मूळची केमिस्ट्रीची. म्हटलं, तारखा तपासायला कितीसा वेळ लागणार! पण काम तारखांवर थांबलं नाही, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिराबाई सावंतवाडीच्या, नायकिणीच्या घरातल्या. वाढल्या मुंबईत, गिरगावात. भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या. 'जयद्रथ विडंबन' हे त्यांचं आधीचं नाटक. नंतरचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं १९१२ साली रंगभूमीवर आणलं. तेव्हाच्या बड्या मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत. म्हणजे बाईनं लिहिलेली नायिका लोकांसमोर आली ती लुगडं नेसलेल्या पुरुषाच्या रूपात! पुढे हिराबाई मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेतला नेने यांच्यासोबत राहायला गेल्या आणि १९५१ मध्ये तिथेच वारल्या.

(शोधताना एक काळजी घ्या. नुसतं 'हिराबाई' आणि 'संगीत नाटक' टाकलंत तर किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकर समोर येतात. माझे दोन दिवस त्यात गेले.)

पहिला वाद पोस्टरवर झाला. मैत्रिणीला 'मराठीतली पहिली स्त्री नाटककार' असं छापायचं होतं. पण सोनाबाई केरकरांचं 'छत्रपती संभाजी' १८९६ चं आहे. 'पहिली' या शब्दापुढे नेहमी विचारा, कशात पहिली? लिहिण्यात, छापण्यात, की नामांकित मंडळीनं प्रयोग करण्यात? हिराबाईंचं महत्त्व तिसऱ्या गोष्टीत आहे. पोस्टरवर शेवटी नुसतं 'संगीत दामिनीच्या लेखिका' असं आलं आणि मला ते जास्त आवडलं.

खरी पंचाईत पुढे होती. एकपात्री नाटकात बाई 'मी' म्हणून बोलते. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय मी सावित्रीबाई' केलं, तेव्हा सावित्रीबाईंच्या स्वतःच्या कविता आणि जोतीरावांना लिहिलेली पत्रं हाताशी होती. हिराबाईंबद्दल आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं त्यांच्याभोवतीच्या पुरुषांमुळे सांगतो: श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, देवल. वसंत कानेटकरांचं 'कस्तुरीमृग'ही त्यांच्या आयुष्यावर बेतलेलं, पण ते नाटक आहे, पुरावा नाही. मैत्रिणीच्या पहिल्या खर्ड्यात हिराबाई अर्धा तास कोल्हटकरांबद्दलच बोलत होत्या. बाई एकटी रंगमंचावर उभी, आणि गोष्ट पुन्हा पुरुषांचीच!

मग मी आमच्या लॅबमधली सवय बाहेर काढली. प्रयोगवहीत निरीक्षण एकीकडे, अनुमान दुसरीकडे. संहितेत ज्याला आधार आहे ते वाक्य काळ्या शाईत, आमची कल्पना निळ्या. पहिली सात पानं जवळजवळ निळी निघाली. मैत्रीण चिडली. "मग काय मुकी ठेवू तिला?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

उत्तर गाण्यात सापडलं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून त्या काळच्या एखाद्या ओळखीच्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द छापलेले असतात. स्वरलेखन नसतं, पण मागमूस असतो. लेखिकेच्या कानावर काय पडत होतं, कुठली चाल तिला कुठल्या प्रसंगाला योग्य वाटली, हे त्यातून कळतं. ही निवड नाटक लिहिणाऱ्याची असू शकते तशी मंडळीचीही, त्यामुळे इथेही जपून. तरीही आठवणींपेक्षा हा धागा हिराबाईंच्या जास्त जवळचा. दोन नाटकं आणि त्यातली पदं, एवढं तरी नक्की त्यांचं.

आता संहितेत कोल्हटकर चार मिनिटांत आटोपतात. पदं वाढली आहेत. निळी वाक्यं काढलेली नाहीत, पण ती म्हणताना मैत्रीण पेटीपासून उठून पुढे येते आणि स्वतःच्या नावानं बोलते, "मला वाटतं, असं झालं असेल." पालशेतच्या प्रसंगात तर ती बोलतच नाही. रहाटाचा आवाज येतो आणि ती 'दामिनी'तलं एक पद नुसतं गुणगुणते. तालमीत तिथे मी अजून तिला विचारते, हे काळं की निळं? ती हसते आणि पेटीचा भाता सोडते.