मेंदूला मार लागल्यावर आठवणीचा आधार : पेजरपासून मोबाइलपर्यंत

हडपसरच्या माझ्या दवाखान्यात अपघातातून बरे झालेले रुग्ण येतात. जखम भरलेली असते, चालणं-बोलणं नीट असतं. पण घरचे सांगतात, "डॉक्टर, गोळी घ्यायला विसरतो, दूध गॅसवर ठेवून विसरतो. मोबाइलचा अलार्म लावू का? पण मग त्याचीच सवय लागेल ना?" तुम्हालाही हा प्रश्न पडत असेल, तर थोडा इतिहास सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, आपल्या पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पाय गेलेल्या जवानाला कृत्रिम पाय द्यायचा, यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्याच युद्धात ऑलिव्हर झँगविल हे मानसशास्त्रज्ञ एडिंबरा इथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी काम करत होते. १९४७ मध्ये त्यांनी तीन वाटा मांडल्या : उरलेल्या क्षमतेच्या जोरावर भरपाई, तेच काम वेगळ्या पद्धतीने करणं आणि थेट सराव. म्हणजे सराव हा एकच मार्ग नाही.

पुढे अमेरिकेत लॅरी ट्रेडगोल्ड या अभियंत्याच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली. त्यांनी मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांच्यासोबत 'न्यूरोपेज' तयार केलं. कमरेला साधा पेजर; ठरल्या वेळी तो वाजायचा आणि 'गोळी घ्या' असा संदेश दिसायचा.

इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १४३ जणांवर याची चाचणी घेतली. २००१ मध्ये निष्कर्ष आले : १६ आठवड्यांची चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं पेजरमुळे लक्षणीय सुधारली. ज्यांना पेजर आधी मिळाला होता, त्यांची कामं तो परत दिल्यावरही सुरुवातीपेक्षा चांगली होत राहिली. म्हणजे अलार्मने आळस वाढला नाही, उलट काहींना शिस्त लागली!

आज तो पेजर तुमच्या मोबाइलमध्येच आहे. मात्र :

• सुरुवात दोन-तीन कामांपासून करा.
• संदेश नेमका हवा. नुसता 'अलार्म' नको, 'जेवणानंतरची गोळी घ्या' असा.
• अलार्म वाजला की काम लगेच करायचं, नंतर नाही.
• सुरुवातीचे काही दिवस घरच्यांनी सोबत राहावं.

विसरणं अचानक वाढलं, डोकेदुखी, उलटी, झटके किंवा गुंगी आली, तर अलार्मवर विसंबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

पाय गेलेल्याला आपण 'कुबडी सोड' म्हणत नाही. आठवण अधू झालेल्यालाही म्हणू नका.