वेलांटी आधी की अक्षर आधी?

आमच्या किनवट या नावातच एक जुने कोडे आहे. वाचताना डोळ्यांना प्रथम वेलांटी दिसते, मग क. कानाला मात्र आधी क ऐकू येतो आणि मग इकार. छापखान्यातील जुळारी डोळ्यांचे ऐकत असे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला, त्या काळापासून वेलांटीचा खिळा आधी उचलावयाचा आणि क त्याच्या मागे लावावयाचा, हीच रीत होती.

संगणकाने कानाचा मार्ग धरला. युनिकोड ही साऱ्या लिपींची क्रमांकवारी १९९१ साली निघाली. तिने देवनागरीची मांडणी आपल्याकडील इस्की या संकेताच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. तीत आधी क, मग वेलांटी. शोधावयास, अनुक्रम लावावयास हे सोयीचे. पण कागदावर उमटविताना वेलांटी उचलून मागे नेणारा कोणी हवा. म्हणजे जुळारी गेला असे आपण म्हणतो, तो गेला नाही. त्याचे काम आज्ञावलीकडे आले.

शास्त्रीय आलेख काढणाऱ्या प्रणालींत हा जुळारी फार दिवस नव्हता. त्यांची अक्षरे आली ती अमेरिकन नौदलाच्या डालग्रेन येथील प्रयोगशाळेतून. ॲलन हर्शी यांनी १९६७ साली ती लहान लहान रेघांनी बांधली. रोमन, ग्रीक, रशियन, एवढेच काय जपानीही तीत होती, देवनागरी नव्हती. पुढे या प्रणाली युनिकोडचे फाँट वाचू लागल्या, पण एकामागून एक अक्षर ठेवणे एवढेच त्यांना ठाऊक. इंग्रजीला ते पुरते. आमच्या गावाचे मात्र ‘कनिवट’ झाले! ‘पर्जन्य’ लिहावे तर रफार वर चढत नाही, न आणि य एकमेकांना भेटत नाहीत. पैनगंगेकाठच्या पावसाचा आलेख काढणारा विद्यार्थी हे पाहून निमूटपणे इंग्रजीत नावे घालतो, आणि मराठी शास्त्राला चालत नाही असे मनाशी धरतो. आम्हाला खेद वाटतो तो याचा. उणीव भाषेची नव्हतीच.

ती भरून काढणाऱ्यांत पीएलप्लॉट ही मुक्त प्रणाली होती. लॅरी सायडन यांच्या लासी या आज्ञासंग्रहाने पँगो नावाचा अक्षरजुळारी तिच्या छपाईस जोडून दिला. राफाएल लाबोआसिएर यांनी नमुन्यादाखल शांततेचा रंगीत ध्वज रेखाटला. त्यावर चिनी, हिब्रू, अरबी इत्यादी भाषांत तो एकच शब्द आहे. त्यात हिंदी ‘शांति’ आहे. काय योग पाहा, त्यातील ति ऱ्हस्व! आपण मराठीत ‘शांती’ दीर्घ लिहितो. तसे लिहिले असते तर वेलांटीची परीक्षा हुकली असती.

अरबी अक्षरे उजवीकडून जुळतात, त्यांनाही हाच जुळारी लागला. किनवटला हे नवल नाही. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होता; कचेरीत उर्दू, शेजारी तेलुगू, रानात गोंडी. त्याच आदिलाबादेकडील गुंजाळा गावी सापडलेल्या पोथ्यांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडात जागा मिळाली. तीतही जोडाक्षरे आहेत. तेव्हा तिच्याही आलेखाला जुळारी लागणारच.